प्रितीन्या

इवोनने तो शब्द भर वर्गात उच्चारला तेव्हा बेलमिराच्या दातांत पेनाचं टोपण होतं, ते तसंच राहिलं. शब्द काही जगावेगळा नव्हता. प्रितीन्या. म्हणजे काळुली. काळं-गोरं रक्त मिसळलेल्या, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या ब्रावा बेटावरून बोटीने इकडे आलेल्या आया न्यू बेडफर्डच्या मागच्या अंगणांतून पोरींना लाडाने अशीच हाक मारायच्या, आणि पोरीचा रंग सायीसारखा असला तरी मारायच्या. पण तो शब्द घरातला होता. त्याला तळलेल्या मासळीचा आणि ओल्या फडक्याचा वास होता. पायात बूट घालून तो कधी उंबऱ्याबाहेर गेलेला बेलमिराने पाहिला नव्हता. आणि आज, शनिवारी सकाळी, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात तिची धाकटी बहीण एकोणीस-वीस वर्षांच्या पोरापोरींना सांगत होती, "माझी आई मला घरात प्रितीन्या म्हणायची. त्यामुळे मी कोण आहे हे मला शाळेत जायच्या आधीपासूनच ठाऊक होतं. मी काळी आहे."

प्राध्यापक लिंडक्विस्ट लाल झाले. ते मिनेसोटाकडचे, उंच, पापण्यासुद्धा पांढुरक्या; 'वंश आणि वांशिकता' शिकवता शिकवता दर थोड्या वेळाने त्यांचा स्वतःचाच रंग बदलायचा. या वर्गात खरा रंग असलेला माणूस तो एवढाच, असं बेलमिराला पहिल्या दिवसापासून वाटत आलं होतं. "हे फार मोलाचं आहे, इवोन," ते म्हणाले. "घरातली हाक हीसुद्धा एक ओळख असते. बाकीच्यांनी टिपून घ्या." बाकीच्यांनी टिपून घेतलं. शेजारच्या हिरव्या केसांच्या मुलीने, ती नर्सिंगची होती, बेलमिराकडे वाकून हळूच विचारलं, "मॅडम, स्पेलिंग काय हो त्याचं?" बेलमिराने टोपण तोंडातून काढलं आणि एकेक अक्षर सांगितलं. सांगताना तिचा आवाज अगदी सरळ होता. दुकानात गिऱ्हाइकाला नव्या चष्म्यातून वाचायला लावताना असतो तसा.

खरं म्हणजे हा कोर्स तिचा होता. वाचनालयाच्या फळ्यावर वसंत सत्राचे विषय लावले होते, त्यात हा दिसला, आणि तिच्या मनात आलं की बाकी कशाचं नाही पण या विषयातलं थोडंफार आपल्याला येतं. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस असल्या कारणांनी शाळेत जातो. चष्म्याच्या दुकानात तिची उभी हयात गेली होती; लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या गरम करून कानामागे वळवायच्या, आणि परक्या माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहूनही त्याला राग येणार नाही असं पाहायचं. पहिल्याच तासाला लिंडक्विस्टनी पडद्यावर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं एक चित्र दाखवलं, वंश ठरवण्यासाठी लोखंडी चिमट्याने एका माणसाचं डोकं मोजताहेत असं. बेलमिराला त्या मोजणाऱ्याची थोडी दया आली. एवढा मोठा चिमटा, आणि तिच्या अनुभवात आलेलं सगळ्यांत बसकं नाक एका आयरिश पाद्र्याचं होतं. पण हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिला फक्त तिथे बसायला आवडलं होतं. घरी जाऊन तिने फोनवर हे इवोनला सांगितलं, हीच चूक झाली. पुढच्या शनिवारी ती वर्गात शिरली तर दुसऱ्या रांगेत, लिपस्टिक लावून, नव्या कोऱ्या पिशवीसह इवोन. "माना, मीपण नाव घातलं," ती म्हणाली. माना म्हणजे ताई. बावन्नाव्या वर्षीही ती हा शब्द असा उच्चारायची की त्याच्यामागे काहीतरी मागायचं शिल्लक आहे असं वाटावं.

बेलमिराने विणकाम धरलं की इवोनला लोकर हवी. बेलमिराने चर्चच्या गाण्यात नाव दिलं की दोन रविवारांनी इवोन पहिल्या रांगेत. आणि वाईट एवढंच की तिला ते जमायचंही. तिचा रंग वडिलांवर गेला होता. वडील ब्रावाशेजारच्या फोगो बेटाचे, गोदीवर ओझी उचलायचे, डोळे घारे, उन्हाळ्यात नाकाचं साल निघायचं. बेलमिरा कुणावर गेली होती ते घरात कुणी बोलत नसे; वडिलांच्या आईवर, असं एकदा एका आत्याने म्हटलं होतं, आणि मग घाईने कचुपाच्या भांड्यावरचं झाकण उघडून मका शिजलाय का ते पाहिलं होतं. एकाच पोटच्या दोघी, पण गल्लीतून दोघी हातात हात घालून निघाल्या की समोरून येणाऱ्या बायकांची नजर आधी इवोनवर, मग बेलमिरावर, मग पुन्हा इवोनवर जायची, आणि शेवटी हसून म्हणायच्या, "अगबाई, बहिणी का तुम्ही?" ती नजर बेलमिराला अजून पाठ होती. त्यांचं आंद्राद हे आडनाव पोर्तुगीजांतही असतं. एकोणिसाव्या वर्षी इवोनला शेजारच्या गावात बँकेच्या खिडकीवर नोकरी लागली, तिथे कुणी काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही, आणि हळूहळू न विचारलेलं आणि न सांगितलेलं मिळून ती पोर्तुगीज झाली. मॅनी फुर्तादोशी तिचं लग्न झालं, तो अझोर्सचा, म्हणजे गोऱ्या पोर्तुगीजांच्या बेटांवरचा. लग्नात फोटोग्राफर बेलमिराला सारखा कडेला सरकवत होता. म्हणायचा, प्रकाश नीट पडत नाहीये, बाई. मॅनीच्या आईने बेलमिराकडे हनुवटी करून विचारलं, "आणि ही?" इवोन म्हणाली, "ही माझी बहीण." खरं तेच म्हणाली. पण प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे एक जागा सुटली होती, जिन्याची एखादी पायरी नसावी तशी, आणि तीस वर्षं झाली तरी त्या आठवणीवरून जाताना बेलमिराचा पाय तिथे अडखळायचाच. मग मॅनी दुसऱ्या कुणाबरोबर फ्लोरिडाला गेला, इवोन माहेरच्या गावात परत आली, केस सरळ करायचे सोडून दिले, आणि घटस्फोटाचे कागद मिळाले त्याच सुमारास काळीही झाली. बेलमिरा एवढी वर्षं काळीच होती, पण तिच्यासाठी कुणी त्याबद्दल टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आता हातून सोडायचं असं तिच्याकडे काही उरलंय का, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचंच हसू आलं. काळेपणासुद्धा वाटून घ्यायचा का धाकटीशी?

पण खुपत होता तो काळेपणा नव्हता, तो शब्द होता. उन्हाळ्याच्या संध्याकाळी माई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारायची, "बेलमिरा. प्रितीन्या. जेवायला." बेलमिराचं नाव हजेरीत घेतात तसं तीन तुकड्यांत सरळ येऊन पडायचं. दुसरं नाव मात्र खिडकीतून निघून कबुतरांच्या खुराड्यावरून, वाळत घातलेल्या चादरींवरून, शेजारच्या कुंपणापर्यंत जाऊन हेलकावत परत यायचं. त्यात चाल होती. लहानपणी आरशासमोर उभं राहून बेलमिराने बराच विचार केला होता. काळी मी आहे, हे तर उघड आहे. मग काळुली ती कशी? पुढे तिने स्वतःच उत्तर शोधून काढलं होतं आणि ते इतकी वर्षं तिला पुरलं होतं: लाडाच्या शब्दात थोडी थट्टा लागते. गोऱ्या पोरीला काळुली म्हटलं की लाड होतो. काळ्या पोरीला म्हटलं तर ती नुसती माहिती होते. माई लाड करायची, माहिती देत बसायची नाही. हिशेब बरोबर होता. फक्त त्याने कधी पोट भरलं नव्हतं.

तास सुटता सुटता लिंडक्विस्टनी सत्राचं शेवटचं काम सांगितलं. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलायचं, ते स्वतःला काय म्हणवत आले ते विचारायचं, आवाज रेकॉर्ड करायचा आणि वर्गाला ऐकवायचा. इवोन बेलमिराच्या गाडीत येऊन बसली. तिची गाडी दुरुस्तीला होती म्हणून बेलमिराच तिला आणायची, सोडायची.

"माईला मी घेते हं, माना," पट्टा लावताना ती म्हणाली. "तू काय, रोजच बोलतेस तिच्याशी."

"रोज मी तिच्याशी गोळ्यांबद्दल बोलते. गोळी घेतलीस का, थुंकलीस का, इतकंच."

"तेच म्हणते. माझ्याशी ती मोकळी होते."

"दोघींनी घेतलं तर फाशी नाही देणार कुणी."

"मी नावसुद्धा ठरवलंय," इवोन म्हणाली. "'प्रितीन्या: आईच्या तोंडचा रंग'. सरांना इतकं आवडलं. मे महिन्यात कॉलेजचा मेळावा असतो ना, तिथे बोलशील का म्हणाले. माईला पहिल्या रांगेत बसवू. तिला तो जांभळा ब्लाउज घाल."

बेलमिराने गाडी सुरू केली. जांभळा ब्लाउज कुठे आहे ते तिला माहीत होतं, त्याचं खालचं बटण तिनेच बसवलं होतं. तिला वाटलं, मेळाव्यात माई वर पाहून हसेल आणि मग सगळ्या गावासमोर ते नाव इवोनचंच म्हणून पक्कं होईल. मग मरेपर्यंत ते तसंच राहील. त्याआधी एकदा विचारायला हवं. उत्तर काय येईल हे माहीत असलं तरी, माईच्या तोंडून यायला हवं.

त्याच दुपारी तिने माईचे पाय कोमट पाण्यात घातले. चौऱ्याऐंशीच्या वयात माईची नखं अशी झाली होती की ती भिजवल्याशिवाय कापता येत नसत. माई खिडकीपाशी खुर्चीत, अंगावर शाल, समोर फोन उलटा टेकून ठेवलेला. "हे काय?" तिने विचारलं. "हे ऐकतंय," बेलमिरा म्हणाली, "कॉलेजसाठी." त्या दोघी आपसांत क्रिओलो ही बेटावरची बोलीच बोलायच्या, इंग्रजी माईला येत होतं, पण ते ती बाहेरच्या चपलेसारखं दाराशी काढून ठेवायची.

"या वयात कॉलेज," माई म्हणाली. "नवरा बघायला जातेस की काय?"

"एक आहे. पण त्याला उन्हात नेता येणार नाही, विरघळेल."

माई हसली, तिचे पाय पाण्यात हलले. बेलमिराने प्रश्न कागदावर लिहून आणले होते, ते तिने एकामागून एक विचारले. तुम्ही स्वतःला काय म्हणवायचात? "ब्रावाचे," माई म्हणाली. गोरे की काळे? "ते ज्याच्या त्याच्यावर. सकाळी घरातून निघताना आम्ही ब्रावाचे. क्रॅनबेरीच्या मळ्यात मालकाला आम्ही पोर्तुगीज. परत येताना बसमध्ये काळे. आणि घरी पोचेपर्यंत इतके चिखलाचे की तुझ्या आजीलाही ओळखू यायचो नाही, ती म्हणायची, कोण आहेस ते नंतर सांग, आधी पाय धू." बेलमिरा हसली. हे लिंडक्विस्टना आवडेल असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने माईचा डावा पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेतला, अंगठ्याकडे पाहत राहिली आणि कागदावर नसलेला प्रश्न विचारला. "माई, तू इवोनला प्रितीन्या का म्हणायचीस?"

"तिला?" माई म्हणाली. "ते तर तुझं होतं."

नखाचा तुकडा उडून टॉवेलवर पडला.

"तुझंच होतं की," माई म्हणाली, जणू एखाद्या भांड्याबद्दल सांगावं. "जन्मलीस तेव्हापासून. इतकुशी होतीस, काळीभोर, वांग्यासारखी चकचकीत, मी दुसरं काय म्हणणार? सगळी गल्ली म्हणायची. मग पहिलीत गेलीस. एक दिवस दारातून आत आलीस, दप्तरसुद्धा खाली ठेवलं नाहीस, म्हणालीस, माई, मला त्या नावाने हाक मारायची नाही. मी म्हटलं, बरं, रस्त्यात नाही मारणार. तर म्हणालीस, घरातपण नाही. अशी उभी होतीस." माईने आपली हनुवटी वर केली. "म्हटलं, बरं बाई. तुझा बाप हसला, त्याच्यावर तू दोन दिवस रुसलीस. मी काय, जीभ चावून चावून बेलमिरा म्हणायला शिकले."

"मग?"

"मग ही इवोन रांगायला लागली. शेगडी पेटलेली होती, ही सरळ तिकडे निघाली, माझे हात पिठात. ओरडले तर तोंडून तेच निघालं. तोंडाला सवय होती ना. आणि ती वळली. वळली म्हटल्यावर तिला ते राहिलं." माईने पाय मागे घेतला. "तो करंगळीचा हळू काप. मागच्या वेळी रक्त काढलंस."

बेलमिराने करंगळी हळू कापली. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. तिचं होतं. एवढी वर्षं खिडकीतून जी चाल कुंपणापर्यंत जात होती ती मुळात तिच्यासाठी बांधलेली होती, इवोन फक्त मधे आली होती. पण माईचे पाय पुसून, तिला मोजे घालून, पाणी मोरीत ओतताना तिने ती दुपार आठवून पाहिली आणि तिला काहीही सापडलं नाही. शाळेतून घरी येण्याचा रस्ता सापडला, डब्याच्या पत्र्याचा थंडपणा सापडला, दाराच्या जाळीला पडलेलं भोक सापडलं. दप्तर न ठेवता उभी असलेली मुलगी सापडली नाही. कोण काय बोललं असेल त्या दिवशी वर्गात? मागच्या बाकावरचं पोर, की बाई, की कुणीच नाही, तिचं तिलाच फळ्याकडे बघता बघता कळलं असेल? काही आठवेना. त्याच्या आधीची सहा वर्षंही आठवेनात. सहा वर्षं तिला गल्लीभर त्या चालीत हाका मारल्या जात होत्या आणि ती वळत होती, धावत होती, खिडकीखाली येऊन उभी राहत होती. ते सगळं त्या मुलीने आपल्याकडेच ठेवलं होतं. मोरीपाशी उभ्या उभ्या बेलमिराच्या लक्षात आलं की आता तिला हेवा वाटतोय तो त्या मुलीचा. इवोन निदान समोर सापडते, तिच्यावर चिडता येतं. त्या चिमुरडीने हनुवटी वर करून सगळं देऊन टाकलं, आणि मागे पत्ताही ठेवला नाही.

आठवडाभरात ती दुकानात दोनदा चुकली. एका म्हातारीची काडी नको तितकी वाकवली. रात्री माई झोपल्यावर दार लावून ती फोन कानाशी धरायची आणि तो तुकडा पुन्हा ऐकायची, पाणी डुचमळल्याचा आवाज, 'ते तर तुझं होतं', मग कात्रीचा कट्ट. वर्गात सांगायची वाक्यं तिने इंग्रजीत तयार केली. सगळं सांगायचं ठरवलं. आधी हे नाव माझं होतं, मी ते टाकलं, आई ते पुढे चालवत राहिली. आंद्राद म्हणजे यादीत वर, फुर्तादो नंतर. इवोन उठायच्या आधीच वर्गाला सगळं कळलेलं असेल, आणि मग ती तिच्या त्या नव्या पिशवीतून काय काढते ते बघू. हे वाक्य मनात आलं की बेलमिराला छान वाटायचं, आणि छान वाटलं की ती उठून गॅस बंद आहे का ते पाहून यायची.

शनिवारी तिचं नाव पहिलं आलं. ती पुढे गेली, फोन स्पीकरला जोडला, आणि आधी मळ्यातला चिखलाचा भाग ऐकवून त्याचं इंग्रजी सांगितलं. वर्ग हसला. लिंडक्विस्ट कानापर्यंत लाल झाले, सुखाने. मग तिने पुढचा भाग लावला. वर्गात इवोन सोडली तर क्रिओलो कळणारं कुणी नव्हतं. रोझा आडनावाचा एक मुलगा होता आपल्यातला, पण त्याच्या घरात आजीबरोबर भाषाही गेली होती, तो नुसता ओळखीचं हसत ऐकत होता. सगळी मुलं आदराने तोंडं करून बसली होती, परकी प्रार्थना चालू असताना बसतात तशी. दुसऱ्या रांगेत इवोन. तिच्या मांडीवर कागद होते, वरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत तो शब्द. 'ते तर तुझं होतं', माई म्हणाली, आणि इवोनने मान वर केली. ती बेलमिराकडे बघत नव्हती. ती स्पीकरकडे बघत होती, त्या काळ्या जाळीकडे, जणू माई तिच्यामागे बसली आहे आणि थोडं वाकून पाहिलं तर दिसेल. कुणी आपल्याला हाक मारली असं वाटून वळावं आणि हाक दुसऱ्यालाच होती असं निघावं, तेव्हा माणसाचा चेहरा क्षणभर मालकावाचून असतो. बेलमिराने हजारो चेहरे जवळून पाहिले होते. हा तिने पाहिला नव्हता. पण तो आतून कसा लागतो हे तिला इतकं नेमकं ठाऊक होतं की तिने टेबलाची कड धरली.

पाणी डुचमळलं, कात्री वाजली, आवाज थांबला.

"काय म्हणताहेत त्या?" लिंडक्विस्टनी मऊ आवाजात विचारलं.

वाक्यं तयार होती. ती तोंडापर्यंत आली आणि बेलमिराला एकदम वाटलं, हे या लोकांना का द्यायचं? हिरव्या केसांची ती पोर पुन्हा स्पेलिंग विचारेल. सर म्हणतील, मोलाचं आहे, टिपून घ्या. सत्तावन्नाव्या वर्षी परत हातात आलेलं, अजून नीट चाचपूनही न पाहिलेलं. ते कुणाला दाखवायची तिची इच्छाच नव्हती. ज्याला कळायला हवं होतं त्याला कळलं होतं.

"एका लहान मुलीची गोष्ट सांगतेय," ती म्हणाली. "रांगत रांगत शेगडीकडे निघाली होती. आईने वेळेवर हाक मारली, म्हणून वाचली."

"सुंदर," लिंडक्विस्ट म्हणाले.

इवोनचं नाव चौथं आलं. तोवर बेलमिरा जागेवर बसून आपल्या हातांकडे बघत होती. इवोन उठली, कागद सारखे केले, आणि जे ठरवलं होतं तेच बोलली. एक शब्दही बदलला नाही. माझी आई मला प्रितीन्या म्हणायची. मला. तिचा आवाज स्वच्छ होता, मधे एके ठिकाणी मुलांना हसवलंसुद्धा. फक्त कानांच्या पाळ्या पेटल्या होत्या, आणि कानांकडे बघायची सवय त्या खोलीत एकट्या बेलमिरालाच होती. बेलमिराला अपेक्षा होती की ती अडखळेल. निदान 'मला' वर. ती अडखळली नाही. आपलं नाही हे माहीत असूनही तिने ते असं अंगावर घेतलं की पाहणाऱ्याला वाटावं, हिच्याच मापाने शिवलंय. बेलमिराला सहा वर्षं मिळालं होतं आणि तिने ते दारात टाकलं होतं. आणि हिने पन्नास वर्षं वागवलं, बँकेच्या खिडकीमागे, अझोर्सच्या सासूसमोर, जिथे ते काढून ठेवणं सोपं होतं तिथेही आत कुठेतरी घडी करून. टाळ्या पडल्या. बेलमिरानेही वाजवल्या. पुन्हा तोच जुना हेवा, ओळखीचा, जवळजवळ सोबतीसारखा.

दोघी गाडीत येऊन बसल्या.

"तू सांगितलं नाहीस त्यांना," इवोन म्हणाली.

"शेगडीचं सांगितलं की."

"माना."

"काय?"

"ती म्हणाली तोंडाला सवय होती. म्हणजे मला हाक मारायची तेव्हा दरवेळी..." इवोनने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. "दरवेळी तूच?"

"मला काय माहीत. तिची जीभ, तिला विचार."

"त्याच्या आधी मला काय म्हणायची? मी रांगायला लागेपर्यंत. काहीतरी म्हणतच असेल ना. इतके महिने पोराला माणूस काहीतरी म्हणतंच."

बेलमिराने ते विचारलं नव्हतं. विचारावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. "नाही विचारलं," ती म्हणाली.

"मग आत्ता विचारू. चल. जागी असेल ती." इवोनचा आवाज बारीक झाला होता. "माझं काहीतरी असेल. माझं म्हणून. तिला आठवेल."

बेलमिराने गाडी काढली. माई जागी असेल, खिडकीपाशी असेल. इवोन तिच्या पायांशी बसेल, विचारेल, आणि माई तिच्या तोंडाकडे बघेल. माईला आठवणार नाही हे बेलमिराला पक्कं ठाऊक होतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी कुणाला आठवतं? पण पोरीचा चेहरा बघून माई क्षणभर थांबेल आणि मग काहीतरी देईल. त्याच जागी, ताजं, गरम, दुसऱ्या कुणी कधी न वापरलेलं. ते प्रितीन्याहूनही गोड असेल. आणि बेलमिरा स्वयंपाकघरात तांदूळ निवडत ते ऐकत असेल.

चौकात घराकडे जायला डावीकडे वळायचं असतं. बेलमिराने गाडी सरळ घेतली, गोदीच्या बाजूने, जिथून सगळ्या बोटी ओळीने दिसतात आणि सिग्नल फार आहेत.

"इकडून लांब पडतं," इवोन म्हणाली.

"हो," बेलमिरा म्हणाली.